हे कुठून निघालं? : घरी कार्बोरेटर खोलणाऱ्यांसाठी प्रस्तावना

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 ची उत्सर्जन मानकं लागू झाली आणि नव्या मोटरसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ निघून गेला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या राजपत्रातली तारीख पाहून बदलत नाहीत. जळगाव जिल्ह्यातल्या भडगावात पाचोरा रस्त्याला किंवा चाळीसगाव रस्त्याला उभं राहून पाहा. स्प्लेंडर, सीडी 100, बॉक्सर, सीटी 100, दुधाच्या कॅन लटकवलेली एखादी एम-80, आणि कुणाच्या तरी ओट्यावर गोणपाटाखाली झाकलेली राजदूत नाहीतर आरएक्स 100. या सगळ्यांना पेट्रोल अजून कार्बोरेटरच पाजतो.

ज्या यंत्राचं नवं उत्पादन आटतं, त्याची दुरुस्ती हळूहळू घरात येते. शिकाऊ मेकॅनिक आता सेन्सर आणि स्कॅनर शिकतो. जेट आणि फ्लोट शिकवणारे उस्ताद वयानं थकत चालले आहेत. शिवाय कार्बोरेटर तळहातावर मावतो, त्याला लागणारी हत्यारं थोडी असतात, आणि तो खोलणं मुळीच अवघड नाही. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, पाइप काढायचा, वरची टोपी सोडवून स्लाइड सुईसकट बाहेर घ्यायची, नट-क्लॅम्प ढिले करायचे, की कार्बोरेटर हातात. खालची वाटी थोड्या स्क्रूंवर सुटते. आत फ्लोट, त्याची आडवी पिन, फ्लोटनं उघडझाप होणारी टोकदार सुई, दोन-तीन पितळी जेट. इथवर सगळे खुशीत असतात. अडचण पुढे येते. धुतलेल्या कार्बोरेटरच्या भोकांत हवा मारली की पसरलेल्या वर्तमानपत्रावर एखादी बारीक चकती, एखादी काळी कडी किंवा केसासारख्या तारेची स्प्रिंग टपकते. ती कुणी काढलेली नसते, कुणाला आठवत नसते. भोवती जमलेल्यांपैकी एकजण विचारतो, "हाई काय शे, भो?"

ज्या विषयाचं दार या प्रस्तावनेतून उघडायचं आहे, तो विषय त्या प्रश्नापासून सुरू होतो. त्याला मी भागओळख म्हणतो. मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं. कार्बोरेटरचा सुटा भाग नुसत्या रूपावरून क्वचित ओळखू येतो. तो कुठे बसला होता, त्यातून काय वाहत होतं आणि तो कशानं झिजला, या तीन गोष्टी जुळल्या की तो आपोआप ओळखू येतो. म्हणून "हे काय आहे?" हा प्रश्न बाजूला ठेवून "हे कुठून निघालं?" असं विचारायची सवय लावून घ्यावी. पुढची सगळी विद्या त्या सवयीचा विस्तार आहे.

सवय लागण्याआधी यंत्राचा हेतू पक्का असावा. कार्बोरेटरचं काम पेट्रोलचं माप ठरवणं आणि ते हवेत मिसळणं. वजनानं पाहिलं तर एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचा हिशेब मांडला तर साधारण नऊ हजार लिटर हवा होते. म्हणजे टाकी भरताना आपण पैसे पेट्रोलचे देतो, पण इंजिनाच्या पोटात जाणारा माल आकारमानानं जवळजवळ सगळा हवेचाच असतो. या प्रचंड हवेच्या ओघात पेट्रोलचे थेंब योग्य प्रमाणात सोडायचे, तेही इंजिन मंद चालत असताना आणि पूर्ण रेसवर असताना सारख्याच काटेकोरपणे.

हे कसं साधतं, त्याचं मूळ दोन जुन्या शोधांत आहे. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की त्याचा दाब उतरतो, हे डॅनियल बर्नूलीच्या 1738 सालच्या ग्रंथातून पुढे आलं. नळी मध्येच अरुंद केली तर तिथे काय घडतं, याचा अभ्यास जोव्हानी बातिस्ता व्हेंचुरीनं 1797 मध्ये प्रसिद्ध केला. कार्बोरेटरचा गळा म्हणजे अशी अरुंद केलेली नळी. तिथे हवा वेगानं धावते, दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं. कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेली जाई. पेट्रोल तोटीतून फवारून देणाऱ्या कार्बोरेटरला 1893 च्या सुमारास एकीकडे विल्हेल्म मायबाखनं आणि दुसरीकडे हंगेरीच्या दोनात बांकी व यानोश चोंका यांनी रूप दिलं. तेव्हापासून मूळ कल्पना बदललेली नाही. बदलले ते तिच्या भोवतीचे लहान लहान भाग, आणि अनोळखी ठरतात तेही हेच.

हे भाग लक्षात ठेवायचा सोपा मार्ग म्हणजे त्यांची कामाची पाळी पाहणं. मूठ पूर्ण सोडलेली असते तेव्हा आणि अगदी थोडी पिळलेली असते तेव्हा पेट्रोल देतो तो पायलट जेट. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला स्लो जेट म्हणतात. मूठ आठव्या हिश्शाच्या पुढे गेली की स्लाइडच्या तळाला हवेच्या बाजूनं घेतलेली तिरकी कापणी काम करू लागते. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुई आणि ती जिच्यात वरखाली होते ती सुईची नळी, म्हणजे निडल जेट, यांचं राज्य. त्यापुढे मेन जेट. या पाळ्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, पण शंका आली की हा क्रम कामी येतो. गाडी स्लोला बंद पडते आणि रेसवर छान धावते, असं असेल तर संशय मेन जेटवर घेण्यात अर्थ नाही. आणि हातातल्या अनोळखी पितळी तुकड्याला भोक अगदी बारीक आहे, अंगाला आडवी छिद्रं आहेत, तर तो बहुधा स्लो जेटच्या घराण्यातला. जाड भोक, षटकोनी डोकं, आडवी छिद्रं नाहीत, तर मेन जेट. लांब नळी आणि तिच्या अंगभर छिद्रांच्या रांगा, तर मेन जेट ज्यात बसतो ती पेट्रोल-हवा घुसळणारी नळी.

आता पहिला पुरावा, जागेचा. भडगावहून गिरणेच्या काठानं वर गेलं की चाळीसगाव तालुक्यात बहाळ लागतं. तिथल्या पांढरीच्या टेकाडाचं उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे म. न. देशपांडे यांनी 1952-53 मध्ये केलं आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर एकाखाली एक उलगडले. तिथल्या रंगीत खापराच्या तुकड्याला किंमत आहे ती तो कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडला या नोंदीमुळे. तोच तुकडा शेतात नांगराला लागला आणि कुणी उचलून खिशात घातला तर तो सुंदर असतो, पण फारसं बोलत नाही. कार्बोरेटरमधून पडलेली चकती त्या खिशातल्या खापरासारखी आहे. भाग अनोळखी होतो तो त्याची जागा हरवल्यामुळे. म्हणून भागओळखीचा पहिला नियम ओळखण्याच्या आधीचा आहे: जागा हरवू देऊ नका.

तो पाळायला खर्च नाही. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा, तोही पितळी भागावर बोट दाखवून, म्हणजे नंतर कुठला जेट कुठल्या भोकातला हा वाद होत नाही. अंडी ठेवायच्या ट्रेमध्ये ज्या क्रमानं भाग निघाले त्या क्रमानं ठेवावेत. मिश्रणाचा बारीक स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत घट्ट होईपर्यंत फिरवून किती आटे झाले ते वहीत लिहावं. त्यानंतरच बाहेर काढावा. हवा मारायची ती कार्बोरेटर जुन्या स्वच्छ कापडात धरून, आणि एका वेळी एकाच भोकात, म्हणजे जे उडेल ते कुठून उडालं हे कळतं. सुईवरची क्लिप काढण्याआधी ती वरून कितव्या खाचेत होती ते नोंदवावं. ही खाच वर-खाली करणं म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करणं आहे. क्लिप खालच्या खाचेत गेली की सुई उंच बसते आणि मधल्या मुठीला पेट्रोल वाढतं. वरच्या खाचेत गेली की उलटं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण घरी खोलणाऱ्यांना सर्वाधिक छळणारा अनोळखी भाग त्यातच दडलेला आहे. कार्बोरेटरच्या अंगावर मिश्रणाचा एक छोटा स्क्रू असतो. तो काही गाड्यांत एअर फिल्टरच्या बाजूला असतो, काहींत इंजिनच्या बाजूला. फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवा मोजतो. तो बाहेर सोडला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं. इंजिनच्या बाजूचा स्क्रू पेट्रोलमिश्रित हवा मोजतो. तो बाहेर सोडला की मिश्रण दाट होतं. दिसायला दोघे भाऊ, पण दुसऱ्याच्या नशिबी इंजिनची ओढ असते. त्या ओढीनं स्क्रूच्या आट्यांमधून बाहेरची फुकटची हवा आत खेचली जाऊ नये, म्हणून त्याच्या टोकाशी एक इवलीशी रबरी ओ-रिंग बसवतात. स्क्रू सैल होऊ नये म्हणून स्प्रिंग हवीच. स्प्रिंगचं तीक्ष्ण टोक रबराला कापू नये म्हणून दोघांच्या मध्ये एक पातळ चकती. म्हणजे आतून बाहेर क्रम असा: ओ-रिंग, चकती, स्प्रिंग, स्क्रू.

स्क्रू काढला की त्याच्याबरोबर स्प्रिंग येते. चकती आणि ओ-रिंग मात्र पेट्रोलच्या चिकट थरामुळे भोकाच्या तळाशी चिकटून राहतात आणि हवा मारल्यावर उडून बाहेर पडतात. कॅटलॉग उघडला तर तिथेही त्यांची भेट अवघड, कारण अनेक कॅटलॉगांत या चौघांना मिळून 'स्क्रू सेट' असा एकच क्रमांक असतो. चकतीला स्वतःचं नाव नाही की नंबर नाही. आणि ती ओ-रिंगसकट आतच राहिली तर दुसरा घोळ होतो. नव्या किटमधली ओ-रिंग तिच्यावरच चढवली जाते, दोन कड्या एकावर एक बसतात, स्क्रू आपल्या जागी पोचत नाही, आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी गाडी स्लोला टिकत नाही. या एका उदाहरणात सगळी पद्धत आहे. चकतीचा आकार काहीच सांगत नाही. ती कशाच्या मध्ये होती आणि ती नसती तर काय बिघडलं असतं, हे विचारलं की ती स्वतःचं नाव सांगते.

दुसरा पुरावा खुणांचा. जेटच्या डोक्यावर, सुईच्या वरच्या टोकाला, स्लाइडच्या तळाला आकडे कोरलेले असतात. भिंग आणि तिरपा उजेड असला की ते वाचता येतात. पण आकडा वाचणं आणि समजणं यांत अंतर आहे. केहिन कंपनीच्या मेन जेटवरचा 100 हा आकडा ढोबळमानानं एक मिलिमीटर भोक सांगतो, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेला व्यास. मिकुनी कंपनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा जेटमधून वाहणाऱ्या पेट्रोलच्या मापावर बेतलेला आहे, आणि बर्मिंगहॅमच्या अमाल कंपनीची जुनी पद्धतही मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल वाहतं हे सांगणारी होती. त्यामुळे दोन घराण्यांतले 100 एक नव्हेत, आणि एकाचा जेट दुसऱ्याच्या आट्यांत बसला तरी तो तिथला झाला असं होत नाही. व्यासाच्या मापात आकड्यातला छोटा फरकही मोठा असतो: 100 वरून 105 वर गेलं की भोकाचं क्षेत्रफळ सुमारे दहा टक्क्यांनी वाढतं.

मिकुनीच्या सुईवरची खूण तर एक वाक्यच असतं. 5डीपी7 अशी खूण घ्या. पहिला 5 लांबीचा गट सांगतो, म्हणजे पन्नास ते साठ मिलिमीटरमधली सुई. पुढची दोन अक्षरं सुईच्या वरच्या आणि खालच्या निमुळत्या भागाचा कोन सांगतात. प्रत्येक अक्षरामागे कोन पाव अंशानं वाढतो, म्हणून डी म्हणजे एक अंश आणि पी म्हणजे चार अंश. शेवटचा आकडा कारखान्याचा. निडल जेटवर पी-4 असं असेल तर ते भोकाचं माप, 2.670 मिलिमीटर. मिकुनीच्या अस्सल जेटवर चौकोनात चौकोन अशी बारीक मुद्रा असते. ती नसलेला जेट खोटाच असं म्हणता येत नाही, पण त्याच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवता येत नाही.

तिसरी गोष्ट घराण्यांची. गाडीचं नाव कळलं तरी कार्बोरेटर कळतोच असं नाही, कारण आपल्याकडच्या गाड्या निरनिराळ्या देशांशी झालेल्या करारांतून आल्या. रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांची भागीदारी 1955 मधली, त्यामुळे जुनी बुलेट इंग्लंडची परंपरा घेऊन आली. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या जावा-येझदीमागे चेकोस्लोव्हाकिया होता. ते उत्पादन 1996 मध्ये थांबलं. 1972 मध्ये फिरोदियांची लुना आली. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आणि यामाहाची आरएक्स 100 आली, त्याच वर्षी बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, आणि जपानी कार्बोरेटर खेड्यापाड्यांत पोचले. 1994 ची स्प्लेंडर त्यानंतरची. या सर्वांत सरळ स्लाइड असते: मुठीची केबल ओढली की स्लाइड वर. तिच्या अंगावरची उभी खाच आतल्या खुंटीत बसते आणि तिरकी कापणी नेहमी एअर फिल्टरकडे पाहते. ती उलटी बसवली की गाडीची रेस उतरत नाही.

पुढच्या चार-स्ट्रोक गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा कार्बोरेटर आला. तिथे केबल खालची पाकळी फिरवते, आणि स्लाइड वरच्या रबरी पडद्यामुळे, म्हणजे डायफ्राममुळे, इंजिनच्या ओढीवर उचलली जाते. या घराण्यातले अनोळखी भाग वेगळे. पडद्याच्या कडेला एक छोटा कान असतो, तो खोबणीत बसला पाहिजे. टोपीखालच्या लांब स्प्रिंगशिवाय काही कार्बोरेटरांत हवेच्या वाटेवर एक स्वतंत्र बारीक ओ-रिंग असते. सुई धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा तुकडा तर सुटा पडला की कुठलाच वाटत नाही. 1999 च्या सीबीझेडमध्ये अचानक मूठ पिळल्यावर जादा पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप होता. त्याचा पडदा आणि दांडी स्प्लेंडर खोलणाऱ्यानं कधी पाहिलेली नसते. म्हणून भाग ओळखायच्या आधी घराणं ठरवावं. केबल थेट स्लाइडला बांधली आहे की पाकळीला, एवढं पाहिलं की अर्धा गोंधळ मिटतो.

कापसाच्या पट्ट्यातल्या वाचकांसाठी तिसरं घराणंही नोंदवतो. फवारणीच्या पेट्रोल पंपावर जो घनाकार कार्बोरेटर असतो, त्याला वाटी नाही, फ्लोट नाही. पाठीवर पंप घेऊन माणूस वाकतो, तिरपा होतो, आणि फ्लोट तिरपा झाला की पेट्रोलची पातळी बिघडते. म्हणून तिथे दोन पातळ पडदे काम करतात, एक पेट्रोल ओढणारा आणि एक मोजणारा. मोटरसायकलचा कार्बोरेटर शिकून आलेला माणूस त्यात फ्लोट शोधत बसला तर दोष त्याचा नाही; घराणं बदललं आहे.

चौथा पुरावा झिजेचा आणि डागांचा, आणि इथे खानदेशाची हवा स्वतः बोलते. मे महिन्यात जिल्ह्यात पारा 44-45 अंशांना भिडतो. उभ्या गाडीच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळट-तपकिरी राळेसारखा थर राहतो; स्लो जेट बुजतो तो याच थरानं. जानेवारीतल्या दहा अंशांच्या पहाटेपेक्षा मेमधल्या दुपारची हवा सुमारे दहा टक्के विरळ असते, म्हणून तेच मिश्रण उन्हाळ्यात दाट होतं आणि हिवाळ्यात पातळ. वाटीच्या तळाचा लालसर गाळ टाकीच्या गंजाचा. हिरवट डाग पितळाचा. पांढरी भुकटी पाण्याची खूण. 2023 पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल पाणी धरतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी घडवलेलं नव्हतं. फुगलेली, मऊ पडलेली काळी कडी हातात आली तर ती मुळात केवढी होती हे तिच्या खोबणीवरून मोजावं, तिच्यावरून नव्हे. फ्लोटच्या सुईच्या रबरी टोकावर गोल वळ उमटला असेल तर ओव्हरफ्लोचं कारण सापडलं. सुईची नळी एका बाजूनं अंडाकार झाली असेल, तर जेट नवे घालूनही गाडी पेट्रोल जास्तच खाणार.

काही भाग मात्र कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडत नाहीत, कारण ते कारखान्यानं बनवलेलेच नाहीत. अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून कुणी कधीकाळी मेन जेटमध्ये तांब्याच्या वायरीची एक तार घालून ठेवलेली असते. झिजलेल्या सुईखाली जादा चकती सरकवलेली असते. टोपीच्या आट्यांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते. हेही पुरावे आहेत; ते गाडीचा इतिहास सांगतात. ते फेकून देण्याआधी त्यांनी कुठली अडचण भागवली होती, हे समजून घ्यावं. बहुधा खरा आजार तिथेच असतो.

याच्या उलटा घोळ बाजारातल्या किटचा. जळगाव-धुळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळणारं किट अनेक गाड्यांना चालावं अशा हिशेबानं भरलेलं असतं. त्यात दोन मापांच्या ओ-रिंग, एखादा नंबर नसलेला जेट, आपल्या गाडीत जागाच नसलेलं पॅकिंग सापडतं. जोडणी संपल्यावर उरलेला भाग पाहून घाबरायचं की नाही, याचं उत्तर एकच: काढलेल्या भागांची यादी आणि बसवलेल्या भागांची यादी जुळते का ते पाहा. जुळत असेल तर उरलेला भाग किटचा, गाडीचा नव्हे.

या क्षेत्रात एक जुना वाद आहे आणि नव्या अभ्यासकानं तो माहीत करून घ्यावा. योग्य भाग म्हणजे मूळ कारखान्याचा भाग, की या रस्त्यावर, या पेट्रोलवर, या वयाच्या इंजिनात नीट चालणारा भाग? जुनी राजदूत प्रदर्शनासाठी सजवणारा पहिल्या बाजूचा असतो. शेतातून रोज ये-जा करणारा दुसऱ्या. माझं मत असं की दोघांनाही ओळखीची गरज सारखीच आहे. मूळ भाग कुठला हे कळल्याशिवाय बदलाचा हिशेब ठेवता येत नाही, आणि बदल का केला हे लिहून ठेवलं नाही तर पुढच्या माणसासाठी आपणच एक अनोळखी भाग तयार करून ठेवतो.

पुराव्याचं शेवटचं दालन माणसांचं. रस्त्याकडेच्या टपरीतल्या मेकॅनिकला जेटचा नंबर विचारला तर तो कदाचित सांगणार नाही, पण इंजिनच्या आवाजावरून कुठली वाट बुजली आहे हे सांगेल. हे ज्ञान ऐकीव आहे म्हणून कमी दर्जाचं समजू नये. फक्त ते कॅटलॉगच्या शेजारी ठेवून तपासावं. "त्याला असंच असतं" हे उत्तर मिळालं की नम्रपणे पुढचा प्रश्न विचारावा: कुठल्या गाडीला, कुठल्या सालच्या? उस्ताद बहुधा खुशीनं सांगतात.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत साचते. काम उघड्यावर करावं. देवघराची समई, गॅसची शेगडी, विडी-सिगारेट यांपासून दूर. जेटच्या भोकात पोलादी तार घालू नये. पितळ मऊ असतं आणि एका ओरखड्यानं आकडा खोटा ठरतो. जपानी धाटणीच्या फुलीच्या स्क्रूवर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. त्याला नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, नाहीतर फुली झिजून गोल होते आणि पुढचा दिवस ड्रिल मशीन शोधण्यात जातो. काम संपल्यावर पीयूसी करून घ्यावं. तो कागद म्हणजे आपल्या ओळखीवर तटस्थ माणसानं दिलेला अभिप्राय असतो.

या क्षेत्रात करण्यासारखं पुष्कळ बाकी आहे. कुठल्या किटमधली ओ-रिंग कुठल्या गाडीला खरोखर बसते, इथेनॉलच्या पेट्रोलवर कुठलं रबर किती टिकतं, आपल्या उन्हाळ्यात सुईची कुठली खाच चालते, याच्या नोंदी गावोगावच्या माणसांच्या डोक्यात आहेत, कागदावर फार थोड्या. त्यासाठी पदवी लागत नाही. वही, भिंग आणि व्हर्निअर कॅलिपर पुरतो. गाडी, साल, कार्बोरेटरचं घराणं, भागाची जागा, माप, खूण, झीज, काय केलं, काय झालं, एवढे रकाने पाडले की कुणाचाही ओटा या अभ्यासाचं केंद्र होऊ शकतो.

नव्यानं येणाऱ्याला मी एकच सल्ला देईन, आणि तो रूढ सल्ल्याच्या विरुद्ध आहे. बंद पडलेल्या गाडीपासून शिकायला सुरुवात करू नका. बंद गाडीत आधीच कुणीतरी हात घातलेला असतो. कुठला भाग चुकून बसला आहे आणि कुठला हरवला आहे हे तुम्हाला कळणार नाही. घरातली एक नीट चालणारी गाडी निवडा, फोटो घेत तिचा कार्बोरेटर खोला, प्रत्येक भागाची जागा आणि खूण वहीत उतरवा, आणि काहीही न बदलता पुन्हा जोडा. गाडी पहिल्यासारखी चालली, तर त्या दिवशी तुमच्या वहीत एका कार्बोरेटरचा पूर्ण, खरा नकाशा असेल. त्यानंतर शेजाऱ्याची बंद पडलेली गाडी खुशाल ओट्यावर घ्या.